शंकरपाळ्या कुठे गेल्या?

मित्रांनो, माझ्या डोळ्याला डोळा लावण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. हात धुऊन आलो असे तुम्ही म्हणाल, मी मान डोलावीन, पण तुमच्या नखाखाली काय आहे ते पाहिल्याशिवाय मला चैन पडायचे नाही. याला स्वभाव म्हणा किंवा पेशा म्हणा. मला घडवलेच त्यासाठी.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथे गल्लीबोळांत भिंगे घासणारी माणसे बसतात. त्यांतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगे घासली, पितळी चाके पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली आणि शेवटी माझ्यात दोन खास काचा बसवल्या. या काचांमुळे मी शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाहून वेगळा झालो. एक उभी आणि एक आडवी अशी त्यांची जोडी लावली की सगळा प्रकाश अडतो. माझ्यात डोकावणाऱ्याला मिट्ट काळोख दिसतो. या काळोखात काचेचा तुकडा ठेवा, काळोख तसाच राहतो. मिठाचा कण ठेवा, तरी तसाच. पण साखरेचा एक दाणा ठेवा, की तो निळा, पिवळा, गुलाबी होऊन पेटतो!

साखर हा स्फटिक आहे. मीठही आहे, पण ते माझ्यासमोर गप्प बसते, त्याचा मला राग येतो. ते असो. स्फटिक म्हणजे ज्याच्या आतले कण कवायतीला उभे राहिल्यासारखे ओळीने उभे असतात असा पदार्थ. माझ्या मधल्या चकतीवर ठेवून तो फिरवला, की चांगला स्फटिक सगळाच्या सगळा विझतो आणि पुन्हा सगळाच्या सगळा उजळतो. ज्याच्यात जोड आहे, भेसळ आहे, त्याचा एखादा कोपरा मात्र भलत्याच वेळी उजळत राहतो. असा लबाड मी लगेच पकडतो. आयुष्यभर हेच केले, मग संशयी होणार नाही तर काय होणार?

लाकडी खोक्यात, पेंढ्यात गुंडाळून मी मुंबईला आलो. परळच्या एका संशोधन संस्थेत, जिथे स्फटिक वाढवतात त्या प्रयोगशाळेत, माझे खोके उघडले गेले. उघडणारी होती डॉक्टर मॉड. गिरगावात राहणारी, तेव्हा अगदी तरुण, केस मागे घट्ट बांधलेली. तिने माझ्यावरचा पेंढा हाताने काढला आणि म्हणाली, "काय देखणा आहे हा!" एवढे कौतुक माझे पुन्हा कोणी केले नाही.

ते दिवस माझे होते. परीक्षानळ्यांत जेली धरवून तिच्या पोटात स्फटिक वाढवायचे, असे काम तेव्हा चाले. कोणी मूतखडा कसा वाढतो हे शोधत असे, कोणी नवे क्षार बनवत असे. सगळ्यांचा शेवटचा मुक्काम माझी चकती. माझ्यापुढे रांग लागे आणि मॉड मॅडम सर्वांना एकच सांगत, "तुमचं म्हणणं राहू दे. तो काय म्हणतो ते बघू."

पुढे दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे एक्स-रेचे मोठे यंत्र आले. त्याला थंडगार खोली मिळाली. त्या खोलीत लोक चपला काढून जात आणि माझ्या शेजारी बसून वडापाव खात. हळूहळू माझ्यावर प्लॅस्टिकचे आवरण पडले आणि त्या आवरणावर धूळ. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. मॅडमच्या हाताखालच्या एका संशोधकाने दुसरीकडचे फोटो आपल्या स्फटिकांचे म्हणून खपवले. ते उघडकीला आले तेव्हा तो निघून गेला आणि नाव मॉड मॅडमचे खराब झाले. त्यानंतर मॅडम बदलल्या. विद्यार्थी काही सांगू लागला की त्या चष्मा काढून त्याच्या तोंडाकडे बघत राहत. मला त्या नजरेची ओळख होती. ती माझीच नजर होती.

अशा दिवसांत रश्मी आली. काळाचौकीच्या चाळीत वाढलेली, बोलायला फटकळ, कामाला वाघ. तिने माझे आवरण काढले, भिंगे पुसली, माझ्या डोळ्यावर आपला मोबाईल बसवला आणि मला विचारले, "चालू आहेस का रे बाबा?" त्याआधी प्रयोगशाळेत कोणी माझ्याशी थेट बोलल्याचे मला आठवत नाही. मी तिच्यावर लगेच विश्वास टाकला असे समजू नका. पण चाक मात्र सुरळीत फिरवले.

तापावरच्या एका नव्या औषधाचे स्फटिक वाढवायचे, हे तिचे काम. औषधाची भुकटी कोमट स्पिरिटमध्ये विरघळवायची, बाटलीच्या तोंडावर काचेची वाटी ठेवायची आणि बाटली अगदी हळूहळू थंड होऊ द्यायची. घाई केली की तळाशी नुसता गाळ बसतो. धीर धरला तर स्फटिक वाढतात. एके दिवशी तिने बाटलीतला एक थेंब काचपट्टीवर घेऊन माझ्यापुढे ठेवला आणि काळोखात चौकोनी, तिरक्या कडांचे, पातळ स्फटिक निळेशार उजळले.

"अजितदादा, या बघा!" तिने प्रयोगशाळेच्या शिपाईदादांना हाक मारली. "शंकरपाळ्या!"

अजितदादांनी डोळा लावला. "खरंच की. तळायच्या बाकी आहेत."

तेव्हापासून त्यांचे नाव शंकरपाळ्याच पडले. आणि त्या नुसत्या देखण्या नव्हत्या. पाण्यात टाकल्या की भराभर विरघळत. म्हणजे औषध पोटात गेल्यावर लवकर लागू पडणार. रश्मीने फोटो काढले, लेख लिहिला, तो एका विज्ञानपत्रिकेकडे गेला. तिची पदवी याच शंकरपाळ्यांवर उभी राहणार होती.

मॉड मॅडमनी लेखावर सही केली, पण चष्मा काढूनच. "फोटो पुरेसे नाहीत, रश्मी. एक मोठा, स्वच्छ स्फटिक वाढव. एक्स-रेखाली आतली रचना दिसली पाहिजे. तोवर मी कुणालाच काही खात्रीने सांगणार नाही."

"वाढवते, मॅडम. बाटली लावलीच आहे."

शेजारच्या टेबलावर लॉयड बसे. दादरचा, उंच, सदा काहीतरी गुणगुणणारा. सगळ्यांच्या नमुन्यांची खलात घोटून बारीक पूड करायची आणि ती मोठ्या यंत्राकडे न्यायची, हे काम त्याच्याकडे होते. रश्मीने त्याला चिमूटभर लहान शंकरपाळ्या पूड करायला दिल्या. बाकीच्या मोठ्या होण्यासाठी तिच्या कपाटातल्या बाटलीत, आपल्या द्रावणात पडून होत्या. कपाटाला कुलूप नव्हते. तेव्हा कोणाच्याच कपाटाला नव्हते.

मग दसरा आला.

मित्रांनो, तुमच्या घरी दसऱ्याला सायकल, शिलाईचे यंत्र, पाटी यांची पूजा होत असेल. आमच्याकडे यंत्रांची होते. आदल्या दिवशी अजितदादा दादरहून झेंडूची टोपली आणतात. सगळे मिळून यंत्रे पुसतात, हार घालतात, कुंकवाचे बोट लावतात. यात लॉयडचा उत्साह सर्वांत जास्त. "नाताळच्या आधी माझी मम्मी घर असंच पुसते," असे म्हणत तो फडके घेऊन सगळीकडे फिरतो. रश्मी मात्र या दिवशी कधीच नसते. दसऱ्याला ती घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. यंत्राला कुंकू लावणे तिच्या घरच्या रीतीत बसत नाही, आणि ती कोणाला अडवतही नाही.

त्या दिवशी मला पुसले, हार घातला, कुंकू लावले आणि माझ्यावर आवरण टाकले. त्यामुळे पुढचे मी पाहिले नाही, फक्त ऐकले. लॉयडच्या चपलांचा आवाज रश्मीच्या कपाटापाशी गेला. कपाटाचे दार करकरले. बाटल्या किणकिणल्या. थोड्या वेळाने अजितदादांचा दबका आवाज आला, "अरे लॉयड, हे काय करून बसलास! पूस, पूस आधी!" मग घाईघाईने काहीतरी पुसल्याची खसखस. मग लॉयडचे गुणगुणणे एकदम बंद पडले. माझ्या पितळेत शिरशिरी आली, खोटे कशाला सांगू?

रश्मी नागपूरहून परतली, कपाट उघडून बाटली उजेडात धरली आणि तशीच उभी राहिली. तळाशी एकही शंकरपाळी नव्हती. बाटलीभर पांढऱ्या, बारीक, टोकदार सुया दाटल्या होत्या. तिने त्या माझ्यापुढे आणल्या. मीही दाखवून दाखवून काय दाखवणार? सुयाच सुया.

"असू दे," ती स्वतःशी म्हणाली. "पुन्हा लावू."

तिने पुन्हा लावले. सुया आल्या. भांडी उकळून धुतली, सुया आल्या. नवे स्पिरिट घेतले, सुया आल्या. त्या सुया पाण्यात ढिम्म विरघळत नव्हत्या. ज्या बाटलीत पूर्वी डोळे मिटून शंकरपाळ्या मिळायच्या, तिथे आता एक दिसेल तर शपथ. आणि लॉयडने जी पूड मोठ्या यंत्रावर लावली होती, तिच्या नोंदीतही सुयांचीच खूण जास्त निघाली.

मॉड मॅडमनी तिला माझ्याजवळच बोलावले. म्हणून मला सगळे ऐकू आले.

"रश्मी, खरं सांग. शंकरपाळ्या कधी होत्या का?"

"मॅडम! तुम्ही स्वतः फोटो बघितलेत."

"फोटो मी पूर्वीही बघितले होते. दुसऱ्या कुणाचे. तेव्हाही मला वाटलं होतं, हा मुलगा कशाला खोटं बोलेल?"

"मी तो मुलगा नाही."

मॅडमनी चष्मा पुसला. "मला तुझ्यावर आरोप करायचा नाही. पण जी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नाही, ती मी छापू शकत नाही. महिनाअखेरपर्यंत एक शंकरपाळी मला दाखव. नाहीतर लेख मागे घ्यावा लागेल. लोक काय म्हणतील ते तुलाही माहीत आहे."

लोक काय म्हणतील? काळाचौकीच्या पोरीने खोटे आकडे दिले, असे म्हणतील. पदवी तर जाईलच, नावही जाईल. त्या शंकरपाळ्या मी पाहिल्या होत्या, एकेक करून फिरवून, विझवून, उजळवून पाहिल्या होत्या. पण मला तोंड कुठे आहे? त्या वेळी मला जितके वाईट वाटले तितके आवरणाखाली धूळ खातानाही वाटले नव्हते.

त्या दिवसापासून प्रयोगशाळेची हवाच बिघडली. रश्मीने बाजारातून कुलूप आणून आपल्या कपाटाला लावले. ते बघून दुसऱ्यांनीही लावले. कोणी जवळून गेले की ती बाटलीवर हात ठेवी. अजितदादा चहा आणत तो पूर्वी माझ्या शेजारी ठेवला जाई, आता ती म्हणे, "तिकडे लांब ठेवा." आणि लॉयड! त्याचे गाणे बंद झाले होते. रश्मी खोलीत आली की तो खलात डोके घाली. तिचे लक्ष नसताना तिच्या कपाटाकडे बघे. माझा संशय पक्का झाला. रश्मीचाही झाला.

"काय लपवतोयस?" एकदा तिने थेट विचारले.

"मी? काही नाही यार."

"दसऱ्याला माझ्या कपाटात कोण गेलं होतं?"

लॉयडने अजितदादांकडे पाहिले. अजितदादांनी खिडकीबाहेर पाहिले. "कोणी नाही," लॉयड म्हणाला.

लबाड! मी मनात ओरडलो.

महिना संपत आला तेव्हा रश्मीने वेगळीच गोष्ट केली. नव्या सुया बघणे सोडून तिने ती पहिली बिघडलेली बाटली बाहेर काढली. तिच्या तोंडाच्या कडेला सुकलेला गाळ खरवडून काचपट्टीवर घेतला आणि माझ्या काळोखात ठेवला. सुया उजळल्याच. पण त्यांच्यामध्ये एक गोल दाणा होता. पांढुरका उजळलेला आणि त्यावर ठसठशीत काळी फुली. ती फुली मी ओळखतो. पिठाचा कण माझ्यासमोर आला की त्यावर अशीच फुली उमटते, तांदळाचे असो की मक्याचे. रश्मीही ओळखत होती. तिने माझी वरची काच बाजूला सारली, साधा प्रकाश आत येऊ दिला आणि तो दाणा लाल दिसला.

"लाल पीठ?" ती पुटपुटली. मग तिने मान वर केली. माझ्या पितळी खांद्यावर दसऱ्याचे सुकलेले कुंकू अजून होते. बाजारचे कुंकू, रंगवलेल्या पिठाचे. तिने ते बोटाने चाचपले. तिचा चेहरा असा झाला की मला भीतीच वाटली.

"लॉयड! अजितदादा! मॅडम, तुम्ही पण या."

सगळे जमले. रश्मीने कोणाला बसू दिले नाही.

"माझ्या बाटलीच्या तोंडाला कुंकू कसं आलं? करणी केलीत का माझ्यावर?"

अजितदादांनी जीभ चावली. लॉयडचा गोरा चेहरा लाल झाला. त्याने हातातला खल खाली ठेवला. मग म्हणाला, "मी लावलं."

"का?"

"सगळ्यांचं पुसलं होतं, सगळ्यांना हार घातले होते. तुझंच कपाट तेवढं धुळकट, उघडंबोडकं दिसत होतं. मला कसंतरी वाटलं. वाटलं, परत येईल तेव्हा खूश होईल. म्हणून सगळं पुसलं, ती बाटली पण पुसली आणि कुंकू लावलं, फूल ठेवलं. मग अजितदादा ओरडले, अरे त्यांच्याकडे चालत नाही. मी टरकलो. सगळं पुसून टाकलं. बाटलीवरची वाटी काढून, आतल्या कडेपर्यंत."

"मला सांगायचंस ना!"

"तुला वाटलं असतं मी मुद्दाम केलं. तुमच्या लोकांना चिडवायला."

"आणि आता मला काय वाटत होतं, तुला माहितीये? माझं वर्षभराचं काम तू नासवलंस असं वाटत होतं!"

"मी बाटलीत काहीच टाकलं नाही, रश्मी. आईशपथ. फक्त पुसलं."

रागाने लाल झालेला तिचा चेहरा हळूहळू निवळला.

"कशानं पुसलंस?"

"फडक्यानं."

"कुठल्या?"

"माझ्याच टेबलावरच्या. त्यानेच सगळं पुसलं."

"खल पण?"

"पहिला खलच पुसला होता. तुझी पूड घोटून झाली होती ना."

फडके दारामागच्या खिळ्याला लटकत होते. दसऱ्यापासून कोणी धुतले नव्हते, आमच्याकडे फडकी धुण्याची हौस कोणालाच नाही. रश्मीने ते काचपट्टीवर झटकले आणि माझ्यापुढे ठेवले. मित्रांनो, त्या क्षणी मी सगळे विसरून लख्ख पाहिले. काळोखात चांदण्या पडाव्यात तशा इवल्या इवल्या सुया उजळल्या.

गोष्ट अशी होती. औषधाचे कण दोन तऱ्हांनी ओळी लावू शकतात. एका तऱ्हेने लावल्या की शंकरपाळी होते, दुसऱ्या तऱ्हेने लावल्या की सुई. सुईची ओळ जास्त घट्ट. खलात घोटताना काही शंकरपाळ्यांच्या ओळी मोडल्या आणि त्या सुयांच्या ओळींत उभ्या राहिल्या. खल पुसताना त्या सुया फडक्याला लागल्या. फडके फिरले बाटलीवर, भांड्यांवर, कपाटावर आणि हो, माझ्यावरही. द्रावणात सुईचा एक कण पडला, की बाकीचे सगळे त्याचे बघून तशीच ओळ लावतात. शंकरपाळी होण्याची कोणाला आठवणच राहत नाही.

"माझे आजोबा राजाराम कापडगिरणीत होते," रश्मी म्हणाली. "आजी त्यांना दाराबाहेरच शर्ट झटकायला लावायची. तरी भातात कापूस निघायचा. आजी म्हणायची, गिरणी रोज घरी येते. या सुया तशाच आहेत. माझ्या ओढणीला असतील, मॅडमच्या साडीला असतील. या खोलीत आता शंकरपाळी होणार नाही."

मॉड मॅडमनी चष्मा काढला. "कहाणी चांगली आहे, रश्मी. पण कहाणीच आहे. शंकरपाळी कुठे आहे?"

"जिथे आपल्यापैकी कोणी गेलेलं नाही तिथे."

रश्मीची धाकटी बहीण प्रिती शीवला राहते आणि तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. रश्मीने औषधाची बंद डबी कारखान्यातून थेट त्या शाळेत पाठवायला लावली आणि फोन माझ्या खांद्याला टेकवून प्रितीला लावला.

"नवी भांडी घे, नवे कपडे घाल. आमच्याकडचं काहीही वापरू नकोस. आणि रविवारी घरी येऊ नकोस."

"का गं ताई? माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही. माझ्या कपड्यांना सुया आहेत."

प्रितीने आवाज खाली आणला. "ताई, तू जेवतेस ना वेळेवर?"

मॅडमही या फोनांना हजर राहू लागल्या. रश्मीने प्रितीला काय सांगावे आणि काय सांगू नये, यावर त्यांची बारीक नजर होती. बाटली थंड झाली तेव्हा प्रितीचा आवाज आला, "ताई, तळाशी काहीतरी चमकतंय!"

रश्मीने तोंड उघडले. मॅडमनी हात वर केला. "तू बोलू नकोस. तिला सांगू दे."

"बर्फीसारखं आहे. नाही, बर्फी नाही, कडा तिरक्या आहेत. अगं, शंकरपाळी असते ना, तशी! पातळ."

मॅडमनी भुवया चढवल्या. "हा शब्द तू तिला शिकवलास?"

"मॅडम, शंकरपाळी काय मी शोधून काढली?" रश्मी हसू दाबत म्हणाली.

प्रितीने ते स्फटिक त्यांच्याच द्रावणासह एका चपट्या काचेच्या कुपीत भरले आणि झाकणावर मेण ओतून ती बंद केली. शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या राहून मॉड मॅडमनी स्वतः ती हातात घेतली, मधे कोणाला शिवू दिली नाही. कुपी माझ्या चकतीवर ठेवली. रश्मी भिंतीला टेकून उभी होती. लॉयडने डोळे मिटले होते, ओठ हलत होते. कोणता संत धावून येणार होता कोण जाणे.

मॅडम माझ्यावर वाकल्या. मी माझ्या दोन्ही काचा नीट आडव्या-उभ्या धरल्या. काळोख झाला आणि त्या काळोखात ती आली, तिरक्या कडांची, निळीशार. मॅडमनी चकती फिरवली. ती सगळीच्या सगळी विझली. आणखी फिरवली. सगळीच्या सगळी उजळली. एकही कोपरा मागे राहिला नाही. मी माझ्या उभ्या आयुष्यात इतका आनंदलो नव्हतो.

"एकसंध आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "बाय गो, मला माफ कर. मी तुझ्याकडे बघत होते, पण मला दिसत तो फोटोवाला मुलगाच होता."

रश्मीने मान हलवली. ती रडत होती, म्हणून बोलली नाही. प्रितीच्या शंकरपाळ्या दुसऱ्या एका संस्थेत गेल्या, तिथल्या एक्स-रेच्या यंत्राने त्यांची आतली रचना दाखवली आणि लेख छापून आला. शेवटी आभारात प्रितीचे नाव आहे, तिच्या शाळेचे आहे. माझे नाही. मीही अपेक्षा केली नव्हती.

माझ्या वाट्याला एक दुःख आले, ते सांगतो. माझ्या खाचाखोचांत सुया बसल्या आहेत. कितीही पुसा, त्या पुऱ्या निघायच्या नाहीत. शंकरपाळ्या आता शीवला वाढतात आणि तिथे एक नवा सूक्ष्मदर्शक आहे. मला त्या दाखवल्याच, तर मेण लावलेल्या कुपीतून दाखवतात. ज्यांना या जगात पहिल्यांदा मी पाहिले, त्यांना मी पुन्हा कधी उघड्यावर पाहणार नाही. निघून गेलेल्या लेकींची आठवण यावी, तशी त्यांची आठवण येते.

यंदाच्या दसऱ्याची गोष्ट सांगून थांबतो. आता प्रत्येक यंत्राला आपापले नवे फडके आहे. काम झाले की ते टाकून देतात. रश्मी नागपूरला निघाली होती, पाठीला पिशवी होती. लॉयड हातात झेंडूचा हार घेऊन तिच्या कपाटापाशी घुटमळत होता.

"रश्मी, विचारतोय हां. तुझं कपाट पुसू का?"

तिने खिशातून कुलपाची किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "पूस. फडकं आतच आहे. कुंकू नको. फूल ठेव, मला आवडतं."

"नक्की? नंतर म्हणशील..."

"विचारलंस ना? झालं तर मग."

ती गेली. लॉयड माझ्याकडे पाठ करून कपाट पुसू लागला आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा गुणगुणू लागला.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा. दुसऱ्याची वस्तू पुसायची असेल, तर आधी त्याला विचारा. आणि दुसऱ्याचा संशय आला, तरी आधी त्यालाच विचारा. संशय घेऊ नका असे मी म्हणणार नाही, माझ्या तोंडी ते शोभायचे नाही. पण मला विचारता येत नाही. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.

आता या, लावा डोळा. फडके आणले आहे ना? आधी मला दाखवा.